फेटा बांधून केलेली तपासणी

भाकरी उजेडाकडं धरून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. डब्याचं झाकण उघडायचं, वरची भाकरी दोन बोटांनी उचलायची, खिडकीकडं धरायची आणि तिच्यातून उजेड कुठून येतो ते बघायचं. मग उलटी करायची. मग नाकाशी न्यायची. एवढं झालं की माझ्याकडं बघून म्हणायचं, "सिस्टर, बाईंना सांगा, आज डाव्या बाजूला जाड झालीय." भाकरीला डावी बाजू असते हे मला त्यांच्याकडून कळलं.

माझी आई डबे करायची. उमरग्यात हायवेच्या अलीकडं आमचं तीन खोल्यांचं घर. बँकेतले, शाळेतले, एकटे राहणारे दहा-बारा जण आईच्या हातचं जेवायचे. मी हायवेवरच्याच एका खाजगी दवाखान्यात नर्स. ड्यूटीला जाता जाता चार डबे मी पोचवायची, त्यातला एक यांचा. वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगी लातूरला दिलेली. गावात त्यांना तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागं मापारी. आमच्या घरात पाठीमागंही साहेबच, कारण आईसमोर कुणाला काही म्हणायची सोय नव्हती. मी अजूनही अहो-जाहोच करते. ती आईनं लावलेली सवय आहे, माझ्या मनातली नाही.

बारा वर्षं डबा खाल्ला या माणसानं. बारा वर्षांत एकदाच म्हणाले, "आज मीठ बरोबर आहे." आईनं ते वाक्य आठवडाभर येईल त्याला सांगितलं. मी म्हटलं, "अगं, म्हणजे बाकीचे दिवस चुकलेलं असायचं, असा अर्थ झाला त्याचा."

"गप गं," आई म्हणाली. "पारखी माणूस हाय. त्येंच्या तोंडून निघालं म्हंजी लई झालं."

पारखी! हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

मध्ये काही वर्षं आमच्याकडं ट्रॉल्यांची साथच आली होती. ज्याच्या त्याच्या घरात ओट्याखालच्या कडप्प्याच्या फळ्या निघाल्या आणि तिथं सरकणारे खण, चकचकीत दारं, बरण्यांना वेगळी जाळी, ताटांना वेगळी. हायवेच्या दोन्ही अंगाला दुकानं उभी राहिली. बाहेरून सगळ्यांचं सारखंच. लाल दार, निळं दार, दारावर टोमॅटोचं चित्र. आत काय आहे ते आम्हा बायांना कसं कळणार? दुकानदार दारावर थाप मारून म्हणायचा, "ताई, लोखंड आहे लोखंड." मग लोक साहेबांना सोबत न्यायला लागले. त्यांनी त्याचा पैसा कधी घेतला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. बिनसाखरेचा चहा घ्यायचे, तोही कप उलटा करून बुड बघितल्यावर.

त्यांची दुकानात शिरायची पद्धत बघण्यासारखी होती. खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत पाच-पाच किलोची तीन लोखंडी वजनं, बंद पडलेल्या एका किराणा दुकानातून घेतलेली. दुकानदार "या, या साहेब" म्हणत पुढं आला की त्याच्याकडं न बघता सरळ कपाटाकडं जायचे. दाराच्या रंगाकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. खण अख्खा बाहेर ओढायचे, पालथा घालायचे आणि त्याची पाठ बघायचे. "तोंड सगळेच धुतात सिस्टर," एकदा मला म्हणाले होते, "माणसाच्या टाचा बघाव्यात आणि कपाटाची पाठ." मग तिन्ही वजनं खणात ठेवायची आणि पन्नास वेळा खण उघडायचा, पन्नास वेळा लावायचा. मोठ्यानं मोजत. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर तेही मोजायला लागायचं. मध्येच दुकानदार काही बोलला आणि आकडा चुकला की परत एकपासून.

कडेला जी पट्टी चिकटवलेली असते तिच्यात अंगठ्याचं नख घालायचे. त्या कामासाठी एकच नख वाढवलेलं होतं. लाकडाचा तुकडा मागून घ्यायचे, त्यावर स्वतः सही करायचे, दुकानदाराची घ्यायचे आणि घरी नेऊन बादलीत आठ दिवस बुडवून ठेवायचे. त्यांच्या न्हाणीत कधीही गेलं तरी तीन-चार तुकडे पाण्यात पडलेले असायचे. बिचारे अंघोळ कुठल्या बादलीतून करायचे देव जाणे.

पण सगळ्यात मोठी परीक्षा भुशाची. स्क्रूसाठी भोक पाडताना जो भुसा खाली पडतो, तो कागदावर धरायचे. "प्लाय असेल तर सोललेल्या कांद्यासारखे पापुद्रे पडतात," ते सांगायचे. "भुशाचा दाबून केलेला बोर्ड असेल तर रवा पडतो. वरून सनमायका लावला की दोन्ही सारखेच दिसतात. रव्याला पाणी लागलं की काय होतं ते बायकांना मी सांगायला नको." तो भुसा पुडीत बांधून वर दुकानाचं नाव, तारीख. घरात त्या पुड्यांचा एक पत्र्याचा डबा भरलेला होता.

घरची बोली त्यांची कानडी. मराठी बोलायचे ती सरकारी कागदासारखी, एकेक शब्द शिक्का मारल्यासारखा. पण माल नापास झाला की आपोआप तोंडातून कानडी निघायची. "इल्ल." नाही. एवढंच. पुढं कारण नाही, भांडण नाही. पिशवी खांद्याला अडकवायची आणि चालू पडायचं. उमरग्यातल्या दुकानदारांना कानडीतला तो एक शब्द चांगला पाठ झाला होता.

आणि तो फोन! "विकताना सगळे गोड असतात," हे त्यांचं आणखी एक. "तक्रार करून बघा, मग माणूस कळतो." म्हणून दुकानात पाऊल टाकायच्या आधी तिथं फोन करायचे, आवाज जरासा बदलून. "हां, मी तुमचा गिऱ्हाईक बोलतो. माझ्या ट्रॉलीचं चाक निखळलंय. कधी येता?" पलीकडचा काय म्हणतो, किती वेळ थांबवतो, नाव विचारतो की नाही, सगळं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवायचे. एक दुकानदार म्हणाला, "बिल सापडल्यावर फोन करा." तो कायमचा बाद. आता यातली गंमत अशी की उमरग्यात तो आवाज ओळखू येत नव्हता असा एकही माणूस नव्हता. फक्त त्यांनाच वाटायचं की ओळखू येत नाही.

नुसतं वाईट सांगितलं तर माझंच तोंड कडू होईल, म्हणून हेही सांगते. ईट गावचा एक शेतकरी होता. बायकोच्या हौसेसाठी अख्ख्या स्वयंपाकघराची ऑर्डर देऊन बसलेला. कुणीतरी सांगितलं म्हणून यांना न्यायला जिल्ह्याच्या त्या टोकापासून जीप घेऊन आला. साहेब गेले, बेसिनच्या खालच्या पेटीला भोक पाडायला लावलं, रवा पडला. गाडीतून उतरलेला सगळा माल यांनी परत गाडीत भरायला लावला आणि गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत दारात उभे राहिले. त्या शेतकऱ्याच्या बायकोनं पुढं दोन वर्षं यांना हुरड्याला बोलावलं.

पण याच माणसापायी आमच्या गल्लीतल्या एका मास्तरीणबाईंची घरभरणी झाली तेव्हा भांडी पुठ्ठ्याच्या खोक्यांत होती. चार दुकानं यांनी नापास केली, पाचवं बघायला वेळच उरला नाही. बाई रडकुंडीला आल्या. हे जेवून, पान खाऊन म्हणाले, "खोकी बरी. निदान खोटं बोलत नाहीत."

स्वतः चुकलो असं या माणसाच्या तोंडून कधी कुणी ऐकलेलं नव्हतं. आमच्या दवाखान्यात बीपी तपासायला यायचे. मी पट्टा गुंडाळायची, आकडा सांगायची आणि विचारायची, "साहेब, गोळी चुकली ना?" तर म्हणायचे, "तुमच्या मशीनची तपासणी कधी झालीय? शिक्का दाखवा." खिशात त्या दिवशीची गोळी तशीच, कागदासकट, मला वरून दिसत असायची. मी हसायची. तेव्हा हसू यायचं हो.

आता आईचं सांगते.

आईनं चाळीस वर्षं जमिनीवर बसून भाकऱ्या थापल्या. पाटावर बसायचं, पुढं परात, शेजारी शेगडी, मागं ज्वारीच्या पिठाचे पंधरा-पंधरा किलोचे डबे. उठ-बस दिवसातून किती वेळा ते तिनं कधी मोजलं नाही. शेवटी गुडघे गेले. आमच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघितला आणि मलाच झापलं, "सिस्टर, घरात तुम्ही काय बघता? ह्यांचं मांडी घालून बसणं बंद. उभ्यानं काय करायचं ते करू द्या." आई उभ्यानं करायला तयार होती. पण पिठाचा डबा खालून उचलून ओट्यावर कोण ठेवणार? तिला कंबरेच्या उंचीला सरकता खण पाहिजे होता. डबा खणात, खण ओढला की पीठ हाताशी, ढकलला की आत. तिला टोमॅटोचं चित्र नको होतं की लाल रंग नको होता. पंधरा किलो पेलणारा खण, बस्स. भिशी लागली तशी ती म्हणाली, "आता करूनच टाकू बाई. हाय तोवर तरी उभ्यानं करीन."

ही बातमी साहेबांना माझ्याच तोंडून कळली. भाकरी उजेडाकडं धरलेली तशीच राहिली. म्हणाले, "बाईंच्या स्वयंपाकघराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी बघतो."

सात महिने बघितलं. सात महिने आई खालीच बसत होती. मी दोनदा म्हटलं, "साहेब, उन्नीस-बीस असेल तर चालेल हो आम्हाला." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काट्यात दगड घातला होता. "सिस्टर, उन्नीस-बीस म्हणूनच जग बिघडलं." आईला काय, आनंदच. "सायेब सोता हिंडायलेत माझ्यासाठी. उनातानाचं." उठताना भिंतीला धरायची आणि हे सांगायची.

शेवटी एक दुकान पास झालं. नवीन होतं. मालक पुण्यात काही वर्षं काम करून आलेला तरुण माणूस, बोलायला लोणी. साहेबांनी चाकाचा फोन केला तर तो म्हणाला, "काका, नाव नका सांगू, बिल नका शोधू, पत्ता सांगा फक्त. माणूस निघालाच." साहेबांनी कॅलेंडरमागं त्याच्या नावापुढं दोन रेघा मारल्या. लाकडाचा तुकडा बादलीत आठ दिवस राहिला, केसभरही फुगला नाही. दुकानातल्या खणानं पन्नास फेऱ्या बिनतक्रार केल्या. साहेब डब्याच्या वेळेला मला म्हणाले, "सरि." बारा वर्षांत मी तो कानडी शब्द पहिल्यांदा ऐकला. म्हणजे, बरोबर.

बसवायचा दिवस ठरला. सकाळी टेम्पो आला, दोन मिस्त्री आले, आणि त्यांच्यामागून मालक आला तो शाल, नारळ, हार आणि फेटेवाला घेऊन. फेटेवाला! आमच्या घरात! मला वाटलं कुठल्यातरी लग्नाचा माणूस चुकून आला. मालकानं ओसरीत खुर्ची ठेवली, साहेबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "साहेब, उमरग्यात तुम्ही पास केलेलं पहिलं दुकान माझं. तुमचा सत्कार केल्याशिवाय मी एक स्क्रू मारू देणार नाही."

साहेब नको नको म्हणाले. पण मान पुढं केली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मी बघितलं. आयुष्यभर लोकांनी या माणसाला टाळलं असेल, दुकानाची शटरं खाली ओढली असतील, पाठीमागं शिव्या घातल्या असतील. फेटा बांधताना ते एखाद्या मुलासारखे स्थिर बसून राहिले. भगवा, मोठा, मागं हातभर शेमला सोडलेला. गल्लीतल्या बाया जमल्या. फोटो निघाले. आईनं सगळ्यांना पोहे केले, खाली बसूनच.

आणि आत काम चाललं होतं.

आतून मशीनचा घुर्र आवाज आला की मी साहेबांकडं बघायची. आता उठतील, आता कागद धरतील. एकदा उठलेही. स्वयंपाकघरात आले, ओट्याखाली वाकले, तर फेटा ओट्याच्या कडेला अडकला. मालक धावत आला, "साहेब, साहेब, फेटा सरकेल, अजून पेपरवाल्याचा फोटो व्हायचाय." तसं सत्काराचा फेटा असा मध्येच डोक्यावरून काढायचा नसतो, हे आपल्याकडं पोरालाही माहीत आहे. साहेबांनी दोन्ही हातांनी फेटा सावरला आणि उभ्या उभ्या विचारलं, "ठीक चाललंय ना?" मिस्त्री आतून म्हणाला, "एकदम." मी कोपऱ्यात उभी होते. मी म्हणायला पाहिजे होतं की साहेब, भुसा बघा. खाली फरशीवर पडलेला दिसत होता, बारीक, पिवळट. पण मी काय बोलणार? पारखी माणूस समोर उभा होता.

खण बसले. साहेबांनी खुर्ची आत आणवली आणि बसून पन्नास फेऱ्या केल्या. नवा खण होता, गेला आला. मग आईला म्हणाले, "बाई, आता दूध उतू घाला. चिमूटभर नको, भरपूर घाला. कडेवरून खाली उतरू द्या. तीच शेवटची परीक्षा." नव्या चुलीवर दूध उतू घालायची आपली रीत आहेच. पण आई जरा बिचकली, "नवं लाकूड हाय सायेब." साहेब हसले. "माझ्या शब्दावर घाला."

आईनं पातेलंभर दूध तापवलं. फेस वर आला, कडेनं उतरला, ग्रॅनाईटवरून धार खाली दारांवर, दारांच्या फटीतून आत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं हळद-कुंकू वाहिलं आणि त्या दिवशी चाळीस वर्षांत पहिल्यांदा उभी राहून भाकरी थापली. पहिली भाकरी जरा वाकडी झाली. साहेबांनी ती उजेडाकडं न धरता खाल्ली.

दोन महिने. उगाच कशाला खोटं बोलू, ते दोन महिने आई खुशीत होती. उभ्यानं गाणं म्हणायची. मग खालच्या खणाचं दार लागेना. मग खण ओढताना कुरकुर. मग एक दिवस मी ड्यूटीवरून आले तर आई ओट्याला टेकून उभी, खण निखळून लोंबकळलेला, डबा खाली आणि पीठ सगळ्या घरभर. डबा पायाच्या अंगठ्यावर पडला होता. नख काळंनिळं. मी खाली बसून पेटीच्या आत हात घातला. स्क्रूच्या भोकाभोवती बोर्ड पोळीसारखा फुगला होता आणि बोटानं दाबला की ओल्या रव्यासारखा हातात येत होता. दारं तेवढी चांगली होती. दारंच प्लायची होती.

दुकानाला फोन केला. चाक निखळलेल्या काकाला जो माणूस "निघालाच" होता, त्याला आमच्याकडं यायला एकवीस दिवस लागले. आला तो मालक स्वतः, साहेबांना सोबत घेऊनच, आपल्या गाडीतून. दारातच हात जोडून म्हणाला, "ताई, मी एक शब्द बोलणार नाही. साहेब म्हणतील ते मला मान्य. साहेब म्हणाले माल खोटा, तर उद्या सकाळी सगळ्या पेट्या बदलून देतो. चार लोकांसमोर सांगतो." शेजारच्या दोन बाया होत्या, त्यांच्यासमोर म्हणाला.

मला वाटलं, सुटलो.

साहेब खाली बसले. डोकं पेटीत घातलं. आज डोक्यावर काही नव्हतं. अंगठ्याचं ते नख बोर्डात घातलं, चिमूट बाहेर काढली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. मी त्यांच्या अगदी मागं उभी होते. हळूच, स्वतःशीच, त्यांच्या तोंडून निघालं, "इल्ल."

मी ऐकलं. देवाशपथ ऐकलं.

मालक दारात मोबाईल बघत उभा होता. त्याच्या दुकानात काउंटरच्या वर साहेबांचा फेट्यातला फोटो होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. फोटोखाली 'पारखून घेतलेला माल' असं मोठ्या अक्षरांत. साहेब गुडघ्याला हात लावून उठले. कुणाकडंही न बघता, त्या सरकारी मराठीत म्हणाले, "माल योग्य आहे. पाणी गेलेलं आहे. दूध उतू घातलं होतं. ही वापरणाऱ्याची चूक आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "दूध?" मी म्हटलं. "दूध कुणी घालायला लावलं साहेब? 'माझ्या शब्दावर घाला' असं कुणी म्हटलं?"

साहेब बोटांना लागलेला भुसा रुमालाला पुसत राहिले. मालक म्हणाला, "ताई, आवाज वाढवू नका. काकू, दूध घातलं होतं का नव्हतं?"

आई बिचारी पदर सावरून म्हणाली, "व्हय, घातलं हुतं. म्याच घातलं." आणि माझ्याकडं वळून, "मोठ्या मान्साला आसं बोलू न्हाय. चा ठेव."

मी चहा ठेवला नाही. ते दोघं गेले. आईनं पाट झटकून जमिनीवर घातला, परात घेतली, भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांचा डबा भरला. मी न्यायला नकार दिला. "आई, अगं ज्या माणसानं तुला खाली बसवलं त्याला तू भाकरी पाठवतेस?" तर म्हणाली, "भूक काय त्येंची एकट्याची हाय व्हय? सगळ्यास्नीच लागती." गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या हाती डबा जायला लागला. रिकामा डबा परत यायचा, धुतलेला, पण आता कसलाच निरोप नसायचा. डावी बाजू जाड झाल्याचा निरोपसुद्धा बंद.

मी वाट बघत होते, खोटं का बोलू. रोज वाटायचं, आज येतील. दवाखान्यात बीपी तपासायच्या निमित्तानं येतील, खुर्चीवर बसतील आणि म्हणतील, सिस्टर, चुकलं माझं. मला पेट्या नको होत्या, दुकानदार नको होता. एवढं एकच वाक्य पाहिजे होतं. रात्रंदिवस तेच डोक्यात घुमायचं. पेशंटला सुई टोचताना सुद्धा मी मनात त्यांच्याशी भांडत असायची.

तीन महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, आले. ऊन रणरणत होतं. आई आत पडली होती. स्कूटरच्या मागं जाड प्लायच्या चार फळ्या दोरीनं बांधलेल्या, मापात कापलेल्या, आणि खाकी पिशवीत वजनांच्या ऐवजी पाना, पेचकस, खण सरकायचे नवे चॅनेल. माप कधी घेतलं होतं कुणास ठाऊक. डोळ्यांनीच घेतलं असेल त्या दिवशी, खाली बसलेले असताना. मी दारात उभी राहिले.

"फळ्या आणल्यात," ते म्हणाले. "एक महिना पाण्यात ठेवून बघितल्यात. भोक पाडूनही बघितलं. संध्याकाळपर्यंत बसवून होतील."

"आधी ते बोला."

"काय?"

"तुम्हाला माहितीय काय. एक वाक्य आहे. ते बोला आणि मग आत या."

ते उन्हात उभे होते. घाम कानामागून गळ्यात उतरत होता. त्यांचा हात दोरीच्या गाठीवर होता. तोंड उघडलं, मला वाटलं येतंय, येतंय. ओठ हलले. मग म्हणाले, "बसवून देतो सिस्टर. कुणाला सांगायची गरज नाही. मी बसवून देतो." एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"फळ्या नकोत मला," मी म्हटलं. "वाक्य घेऊन या."

एक ट्रक हायवेवरून हॉर्न वाजवत गेला. साहेबांनी गाठ परत आवळली, फळ्या नीट बसल्यात का ते हलवून बघितलं, आणि स्कूटर चालू न करताच, ढकलत ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत नेली. माझ्या छातीत असं काही गार वाटलं म्हणून सांगू! जिंकले, असं वाटलं मला. खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा बंद केला. थोड्याच दिवसांत लातूरहून मुलगी आली आणि घेऊन गेली. वर्षभरात तिकडंच वारले, असं कळलं.

पण त्या रविवारचं राहिलंच. मी दार लावून आत वळले, तर आई भिंतीला धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"फळ्या आणल्या हुत्या त्येंनी?" तिनं विचारलं.

"हो."

"चांगल्या हुत्या?"

"असतील. मला काय करायच्यात? तोंडातून एक शब्द निघाला नाही त्यांच्या."

संध्याकाळच्या डब्यांची वेळ होत आली होती. आईनं पाट ओढला, एक हात भिंतीला, एक हात गुडघ्यावर. मी आधाराला हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. खाली टेकताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी दवाखान्यात रोज ऐकते, पण आपल्या आईचा ऐकवत नाही. पाटावर बसल्यावर तिनं दम घेतला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"त्येंचं बोलणं तुला पायजे हुतं. मला फळी पायजे हुती."

आणि पीठ घ्यायला मागं वळली.